चालण्यानं विसरभोळेपणा थांबतो का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत विस्मरणाची धास्ती सगळ्यात जास्त दिसली. कुणी स्वतःसाठी विचारलंय, कुणी आईवडिलांसाठी, कुणी जोडीदारासाठी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, निवृत्त. गेली दहा वर्षं रोज सकाळी पाऊण तास फिरतो, सहसा खंड पडत नाही. तरी हल्ली माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत. फिरणं मेंदूला चांगलं असं सगळे सांगतात. मग माझं कुठे चुकतंय?

ऐन वेळी नाव न आठवणं आणि तासाभरानं भलतंच काम करताना ते आपोआप आठवणं, हे वयाबरोबर येतंच. डॉक्टरांकडे जावं ते वेगळ्या खुणा दिसल्या तर: तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारणं, पायाखालच्या रस्त्यावर गोंधळणं, वर्षानुवर्षं जमणारा हिशेब अचानक न जमणं. अशा वेळी बी-१२, थायरॉइड, श्रवणशक्ती आणि मनाची उदासी या चारही गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण यांच्यापायी आलेलं विस्मरण उपचारानं बरंच सुधारू शकतं.

आता फिरण्याबद्दल. दहा वर्षं टिकवलेली सवय ही मोठी कमाई आहे, ती सोडू नका. पण एकाच वेगानं, एकाच सपाट रस्त्यानं इतकी वर्षं चालल्यावर शरीराला त्यात काही श्रम उरत नाहीत. उद्या फिरताना दहाव्या मिनिटाला एखादं गाणं म्हणून पाहा. दोन ओळी सहज म्हणता आल्या तर तो फेरफटका झाला, व्यायाम नव्हे. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागायला हवा. दुसरी खूण पावलांची. घड्याळ लावून १५ सेकंदांत पावलं मोजा. साधारण २५ भरली, म्हणजे मिनिटाला १००, तर वेग ठीक आहे.

दम का लागायला हवा? हृदय जोरात काम करतं तेव्हा मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांनाही व्यायाम घडतो, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहायला मदत होते, आणि बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. मेंदूतल्या पेशींचे जोड टिकवायला हे प्रथिन लागतं. २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांचे दोन गट केले होते. एका गटाला वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं दमदार चालायला लावलं, दुसऱ्याला फक्त ताण देण्याचे हलके व्यायाम दिले. चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवी आठवण पक्की करणारा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटात तो सुमारे १.४ टक्क्यांनी आकसला. आकार वाढला म्हणजे तेवढीच स्मरणशक्ती वाढली, असा सरळ हिशेब मात्र मांडू नका.

तुमच्या पाऊण तासात फार बदल नको. पहिली ८ मिनिटं नेहमीसारखं चाला. मग ३ मिनिटं झपाझप, ३ मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या. उरलेली मिनिटं हळू चालून श्वास पूर्ववत होऊ द्या. जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच पद्धत आठवड्यातून चार दिवस पाच महिने वापरली, तेव्हा एकसारखं चालणाऱ्यांपेक्षा या लोकांची दमसास आणि मांड्यांची ताकद जास्त वाढली. पहिल्या आठवड्यात दोनच फेऱ्या करा, नंतर दर आठवड्याला एक वाढवा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे वेग वाढवायला लांब ढांगा टाकणं. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे आपटते, प्रत्येक पावलाला गुडघ्याला हिसका बसतो आणि पंधरा दिवसांत नडगी किंवा गुडघा धरतो. पाऊल उलट थोडं आखूड करा आणि पटपट टाका. हात कोपरात दुमडून हलवले की पाय आपोआप भरभर पडतात.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, मागच्या वर्षी एकदा पडली, तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. दिवसभर बसून असते आणि बोलणंही कमी झालंय. तिला चालायला कसं तयार करू?

आधी चालायला लावू नका. पडलेल्या माणसाची भीती खरी असते. मांड्यांत ताकद नसताना रस्त्यावर नेलं तर ती भीती खरी ठरण्याचीच शक्यता जास्त. आधी पाय, मग तोल, मग चालणं, असा क्रम ठेवा. त्या का पडल्या याचाही छडा लावा. अडखळून पडल्या, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली? अंधारी आली असेल तर रक्तदाब आणि चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. चष्म्याचा नंबरही तपासा.

मुख्य व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. खुर्ची भक्कम, चाकं नसलेली, बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, पाठ भिंतीला टेकवलेली. पायांत मोजे नकोत, सपाता नकोत. अनवाणी, नाहीतर मागून बंद असलेले, न घसरणारे बूट. आईंना बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात सरकून बसवा. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता पुढे वाकायचं, इतकं की नाक पायांच्या बोटांच्या वर यावं, आणि मग उठायचं. उठताना श्वास सोडायचा. उभं राहिल्यावर एक क्षण थांबायचं. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश टेकायचं.

पाच वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा पाच वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस मोकळा. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा किंवा हात असलेली खुर्ची घेऊन हातांचा आधार घेऊ द्या. सोपं जायला लागलं की उशी काढा, मग हात छातीवर दुमडून, मग दहा-दहाच्या दोन खेपा, आणि त्यानंतर छातीशी एक किलो वजन धरून. शेवटचे दोन उठणे जड गेले पाहिजेत, ही मोजपट्टी लक्षात ठेवा. सगळे दहा लीलया झाले तर ताकद वाढणार नाही.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. पावलं फार पुढे राहिली की माणूस झोका घेऊन उठतो आणि मागे कोसळतो. गुडघे आत वळले की दुखणं वाढतं. मांड्यांभोवती ओढणी सैलसर बांधून ती बाहेर ढकलत राहायला सांगा, गुडघे सरळ राहतात. श्वास रोखून धरला की रक्तदाब चढतो आणि नंतर गरगरतं, म्हणून उठताना मोठ्यानं आकडा म्हणायला लावा. बोलताना श्वास रोखता येत नाही.

गुडघेदुखी असताना हे करावं का, असं पुढे तुम्ही विचारालच. करावं. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की झिजलेल्या गुडघ्यावरचा भार हलका होतो. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं तर चालू ठेवा. सकाळी गुडघा सुजलेला किंवा गरम लागला तर उंची वाढवा आणि खेपा निम्म्या करा.

दुसऱ्या आठवड्यापासून तोल. आईंना खोलीच्या कोपऱ्यात, पाठ कोपऱ्याकडे करून उभं करा आणि समोर खुर्चीची पाठ ठेवा, म्हणजे कुठेही झोक गेला तरी आधार हाताशी आहे. पावलं जुळवून १० सेकंद. जमलं की एक पाऊल अर्धं पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून. शेवटी एका पायावर. टाचेला अंगठा लावून १० सेकंद उभं राहता येत नाही तोवर पडण्याचा धोका जास्तच समजा आणि बाहेर हात धरूनच न्या. डोळे मिटून करण्याचा प्रयोग घरी नको.

दर महिन्याला एक चाचणी घ्या: हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं? ७० ते ७४ वयाच्या बाईंना १० पेक्षा कमी आले तर ताकद वयाच्या मानानं कमी. आकडा वहीत लिहा आणि आईंना दाखवा. सहावरून आठावर गेल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याचा विषय त्या स्वतःच काढण्याची शक्यता वाढते. बोलणं कमी झाल्याचं मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. उतारवयातली उदासी पुष्कळदा अशीच गप्प असते.

प्रश्न : रोज १० हजार पावलं झालीच पाहिजेत का? माझी जेमतेम ४ हजार होतात.

१० हजार हा आकडा जपानमध्ये १९६५ साली विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. त्यामागे वैद्यकीय हिशेब नव्हता. ब्रिटनमधल्या ७८ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत, जी २०२२ साली प्रसिद्ध झाली, रोज सुमारे ३,८०० पावलं चालणाऱ्यांतही डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि समज ढासळत नेणाऱ्या आजाराचं, प्रमाण कमी आढळलं. सर्वांत कमी ते ९,८०० पावलांच्या आसपास होतं. ४ हजार म्हणजे चांगली सुरुवात झाली आहे. आणखी हजार घाला, आणि त्यातली निदान १० मिनिटं दम लागेल अशी असू द्या.

प्रश्न : एक बातमी म्हणते व्यायामानं डिमेन्शिया टळतो, दुसरी म्हणते काही उपयोग नाही. विश्वास कशावर ठेवायचा?

दोन्ही बातम्या खऱ्या अभ्यासांवरून आलेल्या असू शकतात. गोंधळ कुठे होतो ते पाहा.

ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल अभ्यासात १० हजारांहून जास्त सरकारी नोकरांवर पंचवीसहून अधिक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला, त्यांची हालचाल निदानाच्या नऊ वर्षं आधीपासूनच घटत गेली होती. म्हणजे काही जणांच्या बाबतीत हालचाल कमी झाली म्हणून आजार आला असं नसून, आजार आतून सुरू झाला म्हणून हालचाल कमी झाली असणार. केवळ निरीक्षणावर बेतलेल्या बातमीत हा उलटा धागा हमखास सुटतो.

मग प्रयोग करून पाहिले तर? अमेरिकेतल्या लाइफ या प्रयोगात ७० ते ८९ वयाचे, फारशी हालचाल नसलेले १,६३५ लोक होते. दोन वर्षं व्यायाम केलेल्यांची बुद्धी, नुसतं आरोग्यशिक्षण मिळालेल्यांपेक्षा सरस ठरली नाही. पण त्यांचं चालणं जास्त काळ शाबूत राहिलं. याउलट फिनलंडच्या फिंगर प्रयोगात ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांवर व्यायाम, आहार, मेंदूला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष या चारही गोष्टी एकत्र राबवल्या. दोन वर्षांनी त्यांची आकलनशक्ती तुलनेच्या गटापेक्षा चांगली निघाली. अमेरिकेत अशाच धर्तीवर २,१११ लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निकाल २०२५ साली आले. त्यात स्वतःच्या मनानं बदल करणारेही सुधारले आणि आखीव कार्यक्रम पाळणारे त्याहून जास्त सुधारले.

आमचं मत स्पष्ट आहे. व्यायाम ही डिमेन्शियाची लस नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणं, ऐकू येत नसेल तर यंत्र लावणं, तंबाखू सोडणं, माणसांत राहणं, यांच्या जोडीला व्यायाम असला तर धोका कमी करण्याचा त्याहून चांगला मार्ग आज हातात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ६५ च्या पुढच्यांसाठी दिलेलं मापही आटोक्यातलं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि तोल-ताकद मिळून केलेले व्यायाम तीन दिवस.

प्रश्न : माझ्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. व्यायामानं त्यांची स्मृती परत येईल का? व्यायामाचं नाव काढलं की चिडतात.

स्मृती परत येईल अशी आशा आम्ही दाखवणार नाही. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम डिमेन्शिया (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असलेल्या ४९४ जणांपैकी ३२९ जणांना चार महिने बऱ्यापैकी जोरदार व्यायाम दिला गेला. २०१८ साली निकाल आला: अंगात ताकद आली, विस्मरण मंदावलं नाही. तुमच्याकडून काही कमी पडतंय म्हणून ते सुधारत नाहीत असं कधीही मनात आणू नका.

तरीही त्यांना हलतं ठेवायचं, कारण उद्देश आता वेगळा आहे. स्वतःच्या पायांनी संडासला जाता येणं, खुर्चीतून एकट्यानं उठता येणं, रात्री झोप लागणं, हे जितकं टिकेल तितकं त्यांचं आणि तुमचंही आयुष्य सुसह्य राहील.

‘व्यायाम’ हा शब्दच वगळा. ‘कुंड्यांना पाणी घालायला येता?’ असं विचारा आणि झारी हातात द्या. एका वेळी एकच छोटी सूचना: ‘उठा.’ मग थांबा. दहा सेकंद लागले तरी मधे बोलू नका, कारण दुसरं वाक्य आलं की पहिलं पुसलं जातं. करून दाखवायचं असेल तर समोर उभं राहून स्वतः करा. शब्दांपेक्षा नक्कल त्यांना जास्त काळ जमते. नाही म्हणाले तर वाद नको. वीस मिनिटांनी पुन्हा विचारा, तेव्हा तो नकार त्यांच्या लक्षातही नसेल.

वेळ रोज तीच ठेवा, शक्यतो सकाळची. दिवस कलताना बऱ्याच रुग्णांची बेचैनी वाढते. रस्ताही तोच. चालताना पुढून हात धरून ओढू नका; शेजारी, अर्धं पाऊल मागे राहून कोपराला आधार द्या. दाराशी गडद रंगाचं पायपुसणं असेल तर काढा. त्यांना तो खड्डा वाटू शकतो आणि ते उंबऱ्याशी अडून बसतात किंवा उडी मारायला जातात. चकचकीत फरशी ओली वाटते, तिथेही हेच. खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम असावी.

दुखलं तर ते सांगतीलच असं नाही. कपाळाला आठ्या, एक पाय ओढणं, गुडघा चोळत बसणं, याकडे लक्ष ठेवा. चालण्यात किंवा वागण्यात दोनचार दिवसांत एकदम घसरण झाली तर आजार वाढला असं गृहीत धरू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवी गोळी यांमुळे असं होतं, आणि त्यावर लगेच उपचार होऊ शकतात.

प्रश्न : वय ७१. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि इन्सुलिन चालू आहे. व्यायाम करताना काय सांभाळू?

पहिली गोष्ट रक्तदाब. पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांची वेळ किंवा मात्रा ते ठरवतील. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. तोवर अंथरुणातून उठताना आधी बसून दहा-पंधरा वेळा पावलं वरखाली हलवा, मग उभे राहा. व्यायाम संपल्यावर एकदम थांबू नका, नाहीतर रक्त पायांत साठून चक्कर येते.

दोन गोळ्यांपैकी एक बीटा ब्लॉकर असेल तर नाडीच्या ठोक्यांवरून श्रम मोजू नका. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. तुमच्यासाठी बोलता येतं पण गाता येत नाही, हीच खूण खरी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर थोडं खाऊनच निघा. चालण्याआधीचं इन्सुलिन मांडीत टोचू नका, हलत्या स्नायूजवळून ते लवकर शोषलं जातं. खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, बोलणं अडखळलं तर ते लगेच घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. लांब चालल्यावर साखर त्या रात्रीही उतरू शकते, म्हणून वेग वाढवलेल्या दिवशी झोपण्यापूर्वी एकदा पाहाच. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धडधड अनियमित होणं, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

प्रश्न : शब्दकोडी सोडवणं जास्त चांगलं की चालणं?

दोन्ही करा, शब्दकोडी बसून सोडवली की पायांना काही मिळत नाही. दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर मोकळ्या, सपाट जागी चालताना १०० मधून तीन-तीन वजा करत जा. आकडा शोधताना पाय थांबत असतील तर मेंदूला चालण्यासाठीच बरंच लक्ष द्यावं लागतंय. अशा माणसानं रस्ता ओलांडताना गप्पा आणि फोन दोन्ही बंद ठेवावेत, आणि हा सराव भिंतीलगत करावा.

प्रश्न : तापानं दहा दिवस अंथरुणाला खिळलो होतो. आता उठलो की पाय लटपटतात. पहिल्यासारखं फिरायला कधी जाऊ?

लटपटतात यात नवल नाही. धडधाकट वृद्धांना प्रयोगासाठी दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोनं घटले होते. तुमच्या अंगात तर तापही होता.

आजारपणाआधी जितकं चालत होता त्याच्या निम्म्यानं, तेही दोन तुकड्यांत सुरू करा: आधी ४० मिनिटं चालत असाल तर सकाळी १० मिनिटं, संध्याकाळी १०. वेग गाण्याजोगा. खुर्चीतून उठण्याचे पाच-पाच उठणे एकाआड एक दिवस. दर तीन-चार दिवसांनी ५ मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर तिथेच थांबा, पुढे सरकू नका. ताप उतरूनही विश्रांती घेताना दम लागतो, छातीत धडधडतं किंवा एका पोटरीवर सूज येऊन ती दुखते, असं असेल तर आधी डॉक्टर. पोटरीत गुठळी झालेली असू शकते आणि अशा पायाला चोळायचं नाही. या दिवसांत प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. ती एकाच जेवणात न घेता तीन वेळा विभागून घ्या. झपाझप चालण्याच्या फेऱ्या मात्र सलग अर्धा तास न थकता चालता येईपर्यंत थांबवून ठेवा.